दोनशे चाळीसपर्यंत

गेल्या साली मी एकाच फिल्मवर थडग्यातल्या दोन चितारलेल्या भिंतींचे फोटो घेतले. फिल्मच्या कॅसेटला सरकतं झाकण असतं. झाकणाची पांढरी कड बाहेर असेल तर फिल्म कोरी, काळी असेल तर वापरलेली. फोटो झाला की झाकण उलटं करून सारायचं, एवढंच काम. मी पांढरीच कड बाहेर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तीच फिल्म पुन्हा लावली. धुतल्यावर बघतो तर गव्हाची कापणी करणाऱ्या माणसाच्या पोटातून होडी चालली होती. तोवर होडीची भिंत ढासळलीही होती. तीन हजार वर्षं उभी होती बिचारी, आणि माझ्या हातून गेली.

आमच्या कुर्ना गावात अशी गोष्ट लपत नाही. सगळं गाव मला होडीवाला म्हणू लागलं. माझी सख्खी सासूसुद्धा.

या साली टेकडीत नवं थडगं उघडलं. खोदकामाच्या मोहिमेच्या प्रमुख डॉक्टर नवाल मला म्हणाल्या, "नोबी, एक भिंत आहे आणि तुला एक संधी आहे. छप्पर खचतंय, परवा आत वाळू भरून बंद करतोय. या वेळी होडी सोडलीस तर कैरोहून माणूस बोलावीन." त्या हसल्या नाहीत, त्यामुळे मीही हसलो नाही.

आत जायला पोटावर सरपटावं लागे. जुना लाकडी कॅमेरा आठ किलोचा, तो त्या भोकातून शिरेना. म्हणून दोन किलोचा प्लायवूडचा नेला. भात्यासकट मिटला की दोन जाडजूड शम्सी भाकऱ्या एकावर एक ठेवल्याएवढा. पण हलका कॅमेरा हलक्या कानाचा असतो. शेजारी कुणी पाऊल टाकलं तरी थरथरतो. तिकाटण्याला खाली वाळूची पिशवी टांगायची, आणि मग कुणी हलायचं नाही.

हलायचं नाही, पण आरसा मात्र हलवायचा. आमच्याकडे थडग्यात दिवे नेत नाहीत, ऊन नेतात. बाहेर आमचा मदतनीस शाज़ली मोठा आरसा घेऊन सूर्याच्या मागे फिरत राहतो, किरण बोळातून आत सोडतो. आत दुसरा माणूस छोट्या आरशावर तो किरण झेलतो आणि भिंतीला चुना द्यावा तसा वरखाली फिरवतो. तो हात एकसारखा फिरला नाही तर फोटोत पट्टे उठतात. असा हात रईस हिफ्नीचाच. रईस म्हणजे खोदकामाचा मुकादम, कुफ्त गावचा माणूस, साठीचा. कुफ्तवाले आम्हा कुर्नावाल्यांना पिढीजात थडगेचोर समजतात आणि तोंडावर म्हणतात.

"तुम्हाला थडग्यात शिरायला शिकवावं लागत नाही," बोळात माझ्यापुढे सरपटत रईस म्हणाला. "बाहेर कधी पडायचं ते शिकवावं लागतं."

"आणि तुम्हाला शिरायची वाटच आम्हाला दाखवावी लागते, रईस."

"चल रे होडीवाल्या, मागोमाग ये."

आत उजव्या कोपऱ्यात छताला भेग होती. तिच्यावर रईसने जिप्समची आडवी पट्टी लिंपली होती. भेग सरकली की पट्टी तडकते, सरळ हिशेब. रईसला किरण झेलायला त्याच कोपऱ्यात, भेगेच्या खाली, तिच्याकडे पाठ करून उभं राहावं लागणार होतं. कुफ्तवाल्यांचा एक कायदा आहे. ज्याचं तोंड भेगेकडे, शब्द त्याचा. तो 'निघा' म्हणाला की हातातलं टाकून निघायचं, का ते विचारायचं नाही. आणि तो म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही.

"तोंड तुझं आहे," रईस म्हणाला.

"बघतोय, रईस."

मी भिंतीच्या पायथ्याशी मेणबत्ती लावली, काळं फडकं डोक्यावर घेतलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. ज्योत खाली लोंबत होती. ती सुईसारखी बारीक होईपर्यंत भाता पुढेमागे केला. मेणबत्ती विझवली, भिंगाला टोपी घातली. कॅसेट लावली, कड पांढरी. तीन वेळा हात लावून पाहिली, पांढरीच. झाकण ओढलं.

"शाज़ली, ऊन!"

बोळातून किरण आला आणि रईसच्या आरशावर बसला. भिंत उजळली. बाई वीणा वाजवत होती, तिच्या पायाशी मांजर मासा खात होतं. रंग असे, जणू काल दिलेत. मी भिंगावरची टोपी काढली आणि मनात मोजू लागलो. कमी उजेडात फिल्म आळशी होते, तिला चार मिनिटं द्यावी लागतात. दोनशे चाळीस.

साठ. रईसचा हात घड्याळाच्या लंबकासारखा चालू होता. शंभर. घाम माझ्या भुवईवर थांबला, मी पुसला नाही.

दीडशेला पट्टी तडकली.

आवाज झाला नाही. मधोमध केसाएवढी काळी रेघ आली. रईसच्या खांद्यावर चिमूटभर धूळ पडली.

एक शब्द बोलायचा होता. जीभ टाळूला चिकटली होती असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो, पण ते खोटं आहे. जीभ मोकळी होती. मी हिशेब करत होतो. नव्वद उरलेत. 'निघा' म्हटलं की आरसा खाली, कॅमेरा आडवा, फिल्म गेली, आणि परवा वाळू. मग जन्मभर होडीवाला. एकशे सत्तर. रेघ आता बोट जाईल एवढी झाली होती. मला भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर छपराची कमी आणि फोटोची जास्त. दोनशे. रईसच्या डोक्यावर पुन्हा धूळ पडली. त्याचा हात थांबला नाही. दोनशे वीस. या अल्ला, आणखी वीस. दोनशे चाळीस.

टोपी लावली, झाकण सारलं, काळी कड बाहेर. "झालं. निघा, रईस!"

आम्ही निघालो. बाहेर ऊन डोळ्यांत गेलं. रईसने टोपी झटकली, डॉक्टर नवालना सांगितलं, "पट्टी गेली आहे, आता कुणी आत जाऊ नये," आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळी फिल्म धुतली. मांजराच्या मिशासुद्धा मोजता येत होत्या. डॉक्टर नवालनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या सकाळी माणसांनी बोळातून कंदील सोडून पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात छताचा दगड कोसळलेला होता. माणसाएवढा.

मी फोटोची प्रत घेऊन रईसच्या बिऱ्हाडी गेलो. तो उंबऱ्यात बसला होता. त्याने फोटो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ पाहिला.

"सुंदर आलाय. आत असताना इतकी दिसली नव्हती मला."

"तुमच्या हाताचं कौतुक, रईस. एक पट्टा उठला नाही." मग मी वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "नशीब चांगलं. टोपी लावतालावताच तडकली बघा ती पट्टी."

"कितव्या आकड्याला तडकली?"

"सांगतोय ना, संपतासंपता..."

"नोबी, पट्टी माझ्या पाठीमागे होती, मला दिसत नव्हती. तुझं तोंड मात्र दिसत होतं."

आतून त्याच्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. मला बसायला जागा शोधावीशी वाटली, आणि बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

"मग निघाला का नाहीत?" मी विचारलं.

"शब्द तुझा होता."

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "दीडशेला," मी म्हणालो.

त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे नव्वद."

"नव्वद."

रईसने फोटो माझ्या हातात परत दिला. मग चहाचं न विचारता आत गेला आणि दार लावून घेतलं.