बाकावर ताटकळलेली साक्ष

मी एक जुना साक्षीदाराचा पिंजरा आहे. पिंजरा म्हटल्यावर तुम्हाला पोपट आठवेल. पण मित्रांनो, माझ्यात माणसे उभी राहतात आणि तीही बोलायला. एक पायरी, खाली फळ्या आणि कमरेएवढा कठडा, एवढाच माझा पसारा. ज्या सुताराने मला घडवले, तो कठड्यावर पुन्हा पुन्हा हात फिरवून बघायचा. कोर्टातले कारकून हसले, तेव्हा तो म्हणाला, "घाबरलेली माणसं इथंच धरणार. कुसळ टोचायला नको."

त्याचे खरे ठरले. चोऱ्यामाऱ्या, भाऊबंदकी, अपघात, सगळे मी ऐकले. कधी मला पॉलिश झाले, कधी वर्षानुवर्षे कोणी फडकेही मारले नाही. वकील माझ्यावर खुशाल कोट टाकत. त्याचे मला काही वाटत नाही. मला सांगायचे आहे ते एका बाईविषयी.

तिचा नवरा बॅटरीच्या कारखान्यात, शिसे वितळवण्याच्या भट्टीवर होता. कारखाना एका परदेशी कंपनीचा. आधी कामाचे कपडे तिथेच धुतले जात. मग काटकसर म्हणून धुलाईखाना बंद झाला आणि कामगार कपडे घरी नेऊ लागले. बाई ते मोरीत धुवायची. रांगती मुलगी शेजारी फेसाशी खेळायची. कपड्यांच्या धुळीत शिसे आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मुलगी वाढली, पण शिकवलेले तिच्या डोक्यात टिकेना. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा त्यात शिसे सापडले आणि कारण कळले. तोवर कारखान्याला टाळे लागले होते.

बाईने कंपनीवर दावा लावला. तिची साक्ष व्हायच्या आधीच कंपनीचे वकील उठले.

"माझे पक्षकार परदेशातले आहेत. त्यांचं इथं साधं ऑफिससुद्धा नाही. बाईंनी तिकडे जाऊन दावा लावावा. या कोर्टाला तो अधिकारच नाही."

मग तारखांवर तारखा पडल्या. तिचे ऐकायचे की नाही, यावर बाकीचे बोलत राहिले. ती बाकावर आणि मी रिकामा.

एके दिवशी न्यायाधीशबाईंनी विचारले, "धुलाईखाना बंद करायचं कोणी ठरवलं?"

"मुख्य कार्यालयानं," वकील म्हणाले.

"म्हणजे परदेशात?"

"हो, म्हणूनच तर आम्ही म्हणतो..."

"आणि कपडे कुठे धुतले गेले?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "इथं."

"ठरवलं तिकडे आणि भोगलं इथल्या माणसांनी. मग जाबही इथंच द्यावा लागेल. दावा याच कोर्टात चालेल."

कंपनी वरच्या कोर्टात गेली. तिथेही हाच निकाल कायम राहिला. तोवर मुलगी आईच्या खांद्याला लागली होती.

अखेर बाई माझ्यात येऊन उभी राहिली. तिने कठडा घट्ट धरला. आवाज मात्र स्थिर होता.

"कपडे धुताना हातमोजे का घातले नाहीत?" कंपनीच्या वकिलांनी विचारले.

"नवऱ्याचे कपडे धुताना कोण हातमोजे घालतं, साहेब? मला नुसतं सांगितलं असतं, तरी ते कपडे मी घरात घेतले नसते."

निकाल तिच्या बाजूने लागला. मुलीच्या उपचारांचा आणि शिक्षणाचा भार जन्मभर कंपनीवर आला. बाईने आपल्या वकीलबाईंना हळूच विचारले, "म्हणजे ती आता बरी होईल?"

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ते कोर्टाच्या हातात नाही."

बाईने मान हलवली, मुलीचा हात धरला आणि ती निघून गेली.

माझ्या एका फळीला आता वाळवी लागली आहे. जमल्यास तेवढी बदला. आणि मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी समोरच्या उंच खुर्चीवर बसले, तर आधी बाकाकडे बघा. तिथे कोणी ताटकळत असेल, तर त्याला लवकर वर बोलवा. खरे काय ते उशिरा ऐकले तरी खरेच असते. पण तोवर मुले मोठी झालेली असतात.