रिकाम्या घराचं बटण

कल्पना करा, मुलांनो. डोळे मात्र मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? बाहेर एवढी थंडी आहे की तोंडातून निघालेली वाफ क्षणभर हवेत लटकून राहते. घराच्या सगळ्या खिडक्या गच्च लावलेल्या आहेत, फट म्हणून कुठे नाही. आत पाच माणसं श्वास घेतायत, अंघोळी करतायत, स्वयंपाक करतायत, धुतलेले कपडे दोरीवर टाकतायत. आता सांगा, या घरात ताजी हवा यायची कुठून?

खिडकी उघडावी, तर ऊब पळून जाते. म्हणून अशा घरात हवेचं एक यंत्र असतं. ते घरातली जुनी, ओलसर, ऊबदार हवा बाहेर घालवतं आणि बाहेरची ताजी, गार हवा आत घेतं. गंमत अशी की या दोन्ही हवा यंत्राच्या पोटात पातळ पातळ पडद्यांच्या अलीकडून-पलीकडून जातात. एकमेकींत मिसळत नाहीत. पण जाणारी हवा जाता जाता आपली ऊब येणारीला देऊन जाते, जशी घरातून निघालेली मावशी दारात भेटलेल्या भाचीच्या खांद्यावर आपली शाल टाकते आणि पुढे जाते.

भिंगरीच्या घरी असं यंत्र होतं. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. वय वर्षं दहा. यंत्र माळ्यावर होतं आणि त्याचं पॅनल खाली घरातल्या बोळात, भिंतीवर. पॅनलवर चार चित्रं होती. एक माणूस असलेलं घर, म्हणजे रोजची चाल. खूप माणसं असलेलं घर, म्हणजे पाहुणे आले किंवा अंघोळीची वाफ झाली की जोरात. सूर्य, म्हणजे उन्हाळ्यात ऊब परत न घेता थेट हवा आत. आणि चौथं चित्र रिकाम्या घराचं. सगळे गावाला गेले की हे दाबायचं. मग यंत्र जेमतेम श्वास घेतल्यासारखं चालतं.

हे चौथं बटण भिंगरीच्या फार कामाचं होतं. ती गावाला न जाता ते वापरायची.

त्याचं कारण सांगतो. भिंगरीच्या खोलीत छताजवळ एक गोल झडप होती, तशीच आईबाबांच्या खोलीत. दोन्ही झडपांना येणारी नळी एकच, पुढे जाऊन तिला दोन फाटे फुटलेले. एरवी झडपेतून हवेचा सूं सूं आवाज येई आणि त्यात बाकी काही ऐकू येत नसे. पण रिकामं घर दाबलं की सूं सूं थांबे, आणि आईबाबांच्या खोलीतलं बोलणं नळीतून थेट भिंगरीच्या उशीपाशी! हा शोध तिचा स्वतःचा होता आणि तिनं तो कुणालाही सांगितला नव्हता.

शेजारच्या काकूंच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली होती. त्यातलं एक, कानावर पांढरा ठिपका असलेलं, भिंगरीला हवं होतं. घरात विचारलं की एकच उत्तर मिळे, "बघू." आता मोठ्यांचं 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून भिंगरी संध्याकाळी रिकामं घर दाबायची, पाच-दहा मिनिटं ऐकायची आणि गुपचूप परत रोजची चाल लावायची.

मंगळवारी दुपारी बाबा आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. आई खोलीत भिंगरीच्या धाकट्या भावाला मांडीवर घेऊन फोनवर काकूंशी बोलत होती. भिंगरीनं बटण दाबलं आणि पलंगावर उभी राहिली.

"हो हो, ठिपकेवालंच," नळीतून आईचा आवाज आला. "पण तिला आत्ताच सांगू नका हं. दोन आठवड्यांनी, वाढदिवसाला."

भिंगरीनं उशी तोंडावर दाबून किंकाळी फोडली. मग चपला कशातरी अडकवल्या आणि पिल्लू बघायला काकूंकडे धूम ठोकली. पॅनल जसंच्या तसं राहिलं.

संध्याकाळी आजोबा परतले ते हसतच. आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. "अगं भिंगरे, डॉक्टरच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे! डोळ्यांत थेंब घातल्यामुळे काटे दिसत नव्हते, पण टिकटिक ऐकूनच मला कळलं की ते लंगडतंय. पाच वाजून गेले तरी पाचचे टोले काही पडेनात!"

बुधवारी खिडकीच्या काचांवर दव धरलं. गुरुवारी दोरीवरचे कपडे वाळेनात. शुक्रवारी आईचं डोकं जड झालं आणि धाकटा खोकू लागला. शनिवारी सकाळी आजोबांच्या कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसले, तेव्हा बाबा बोळात गेले.

"रिकामं घर?" बाबा ओरडले. "पाच माणसं घरात आणि यंत्र समजतंय की आपण सगळे गावाला गेलोय! कुणी दाबलं हे?"

भिंगरी दारातच उभी होती. तोंड उघडायला तिला एक क्षण मिळाला होता, खरंच मिळाला होता. पण त्या क्षणात तिला कानावरचा ठिपका दिसला. बटण दाबलं म्हणावं, तर 'का' हेही सांगावं लागणार. चोरून ऐकणाऱ्या मुलीला कुणी पिल्लू देईल का?

तेवढ्यात बाबा आजोबांकडे वळले. "अण्णा, तुम्ही हात लावला होता का? झडपेतून डोक्यावर गार वारा येतो म्हणून मागच्या आठवड्यात तक्रार करत होतात."

आजोबा गोंधळले. मागच्या महिन्यात त्यांनी दुधाखालचा गॅस चालू ठेवला होता, आणि त्यांचा चष्मा एकदा फ्रिजमध्ये सापडला होता. तेव्हा सगळे हसले होते आणि सगळ्यांत मोठ्यानं आजोबाच. आता ते हसले नाहीत.

"लावला असेल रे," ते हळूच म्हणाले. "आठवत नाही. पण लावला असेल."

बाबा रागावले नाहीत. ते जास्तच गोड आवाजात म्हणाले, "असू दे अण्णा, होतं असं." मग त्यांनी रोजची चाल लावली आणि कोड घालून पॅनलला कुलूप लावून टाकलं. तो गोड आवाज भिंगरीला ओरडण्यापेक्षा वाईट वाटला.

त्या संध्याकाळी ती टेबलावर खुर्ची ठेवून चढली आणि झडपेला कान चिकटवला. सूं सूं चालूच होती, पण इतक्या जवळून काही शब्द निसटून येत होते.

"...धाकट्याला आता त्यांच्याजवळ एकटं ठेवायला नको..." ही आई.

"...त्यांना कसं सांगणार? बुधवारच्या दुपारचीच तर ते वाट बघतात..." हे बाबा.

भिंगरी खाली उतरली. बुधवारी आई कामावर जायची, म्हणून दुपारी आजोबा धाकट्याला सांभाळायचे आणि त्याच्या कानाशी जुनं खिशातलं घड्याळ धरायचे. आठवड्यातली तेवढीच दुपार त्यांच्या वाट्याची होती.

बाबांना काही सांगावं लागलं नाही. रविवारी सकाळी चहाच्या वेळी आजोबांनीच खिशातून घराची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही तुझ्याकडे असू दे. एखाद्या दिवशी दार सताड उघडं टाकून फिरायला जाईन मी."

"अण्णा, एवढं काही झालेलं नाही," आई म्हणाली.

"झालंय, सूनबाई. लोकांची घड्याळं लावण्यात जन्म गेला माझा. आतला काटा घसरायला लागला की कळतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "गॅसचं निदान आठवलं तरी, दाखवल्यावर. या बटणाचं तर काहीच आठवत नाही. पाटी कोरी!"

बाबांनी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. भिंगरीनं चहात बुडवलेलं बिस्किट तसंच बशीत ठेवलं. आठवणार कसं? जे केलंच नाही ते कुणाला आठवतं? मुलांनो, शनिवारी एका वाक्यात काम झालं असतं. रविवारपर्यंत ते वाक्य इतकं जड झालं होतं की तिला उचलेना. ती दिवसभर आजोबांच्या मागे मागे फिरली. त्यांना चष्मा आणून दिला, पाणी दिलं, न मागता पाय चेपले.

"आज काय एवढी सेवा?" आजोबा म्हणाले. "म्हातारा बिघडला म्हणून का गं?"

ती खोलीत जाऊन रडली.

सोमवारी दुपारी यंत्र तपासायला दुरुस्तीवाल्या बाई आल्या. ठेंगण्याशा, खिशात चार पेचकस, आणि बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी माळ्यावरून दोन फिल्टर काढून आणले. नवे असताना पांढरे, आता उंदरासारखे करडे.

"हे बघ, तुम्ही श्वासात घेणार होतात ती धूळ," त्या भिंगरीला म्हणाल्या. "शाळेत शिकवतात का हे?"

"नाही."

"मग मी शिकवते. चल." भिंतीवरचे ठिपके त्यांनी टॉर्च लावून पाहिले. "कपाट भिंतीला एवढं चिकटवून ठेवलंय, तेही एक कारण. सगळा डाग काही चार दिवसांचा नाही. पण ओल वाढली ती या चार दिवसांतच."

भिंगरीला क्षणभर हलकं वाटलं, कपाटाचाही दोष निघाला म्हणून. मग तिची नजर दाराजवळच्या खिळ्यावर गेली. किल्ली कपाटामुळे तिथे आलेली नव्हती.

बाई पॅनलपाशी गेल्या. त्यांनी आईला कोड विचारून कुलूप काढलं आणि दोन बटणं एकदम दाबून धरली. पडद्यावर एक नवी ओळ आली.

"बाबांना हे माहीत नाही वाटतं. शेवटच्या दहा बदलांची वेळ यात राहते. हा शनिवारचा, त्यांनी चाल बदलली तो. आणि त्याच्या आधीचा..." त्यांनी वाचलं, "मंगळवार, चार चाळीस. रिकामं घर." मग त्या खालच्या ओळी मनातल्या मनात वाचू लागल्या. त्या मंगळवारच्या आधीचा रविवार, सहा पाच, रिकामं घर. रविवार, सहा तेरा, रोजची चाल. सोमवारीही तशीच जोडी.

भिंगरीचे कान गरम झाले.

"मंगळवारी पावणेपाचच्या सुमाराला घरी कोण कोण होतं गं?" बाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

आजोबा नव्हते. आजोबा तेव्हा डोळ्यांत थेंब घालून एका लंगड्या घड्याळाखाली बसले होते. भिंगरी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

बाईंनी एक पेचकस खिशात टाकला आणि दुसरा काढला. "यंत्राला वेळ कळते, पोरी. बोट कुणाचं, ते त्याला कळत नाही. मी नळ्या पुसायला वर जाते. अर्धा तास लागेल. खाली आले की तुझ्या बाबांना कागद लिहून द्यायचाय, काय बिघडलं होतं आणि का. 'का'पुढे काय लिहू ते तेव्हा बघू."

त्या शिडी चढून गेल्या. स्वयंपाकघरात आई धाकट्याला भरवत होती, बाबा नुकतेच येऊन बूट काढत होते, आजोबा खुर्चीत मिटल्या डोळ्यांनी बसले होते. बोळात भिंगरी एकटी होती, आणि पॅनलला कुलूप नव्हतं.

तिनं तोंड उघडून पाहिलं. आवाज येईना. मग तिनं बोट उचललं आणि रिकामं घर दाबलं.

सूं सूं उतरत गेली आणि थांबली. घर एकदम गप्प झालं. एरवी कुणाच्या ध्यानातही न येणारा आवाज, पण शनिवारपासून सगळ्यांचे कान तिकडेच होते, म्हणून थांबल्याबरोबर सगळ्यांनी माना वर केल्या.

"कुणी दाबलं?" आजोबांचा आवाज घाबरलेला होता. ते खुर्चीतून उठून बोळात आले. त्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी तर... मी तर बसलो होतो ना?"

"तुम्ही बसला होतात, आजोबा," भिंगरी म्हणाली. आता आवाज आला, फाटका, पण आला. "मी दाबलं. मंगळवारी पण मीच दाबलं होतं. तुम्ही डॉक्टरांकडे होतात. मला नळीतून आईचं बोलणं ऐकायचं होतं. पिल्लासाठी. आणि परत लावायचं विसरले. आणि मग सांगितलं नाही."

आई दारात येऊन उभी राहिली, हातात चमचा तसाच. बाबा एका पायात बूट असतानाच थिजले.

आजोबांचे ओठ हलत होते. ते हिशेब करत होते, दिवसांचा. "मंगळवार. किती वाजता?"

"चार चाळीस. यंत्रात लिहिलंय."

"डॉक्टरच्या घड्याळात तेव्हा चार तेहतीस," आजोबा पुटपुटले. "म्हणजे मी नव्हतो." ते भिंतीला टेकले. "मी नव्हतोच." मग त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता. आजोबा तिच्यावर कधीच रागावले नव्हते, म्हणून तिला तो लगेच ओळखू आला. "तीन दिवस गं, भिंगरे. दोन रात्री मी पडून आठवतोय. सापडत नाही म्हणून घाबरतोय. तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"तरी?"

पिल्लू हे उत्तर नव्हतं, हे तिला आता कळलं होतं.

तिनं आधी पॅनलवर रोजची चाल लावली. सूं सूं हळूहळू परत आली. मग ती दारापाशी गेली आणि टाचा उंच करून खिळ्यावरची किल्ली काढली. बाबांकडे तिनं विचारायलाही पाहिलं नाही. ती आजोबांपुढे उभी राहिली आणि तळहातावर किल्ली ठेवून हात पुढे केला.

आजोबांनी ती लगेच घेतली नाही. माळ्यावर बाईंच्या पावलांचा आवाज होत होता. भिंगरीचा हात भरून आला, तेव्हा तिनं त्याला खालून दुसऱ्या हाताचा टेकू दिला आणि तशीच उभी राहिली.