मोकोचा खरा शेवट कुठला?

खारूच्या हृदयाला जन्मापासून एक छिद्र होतं. ते बुजवायची तारीख मिळाली, तेव्हा पोरगी भेटेल त्याला मोठ्या तोऱ्यात सांगत सुटली होती, "माझं पंक्चर काढणार आहेत!" खरं तर जिना चढला तरी तिचे ओठ निळे पडायचे, पण उड्या मारायची खोड काही जाईना, म्हणून घरात तिचं नाव खारूताई आणि पुढे नुसतंच खारू पडलं होतं.

मग तिची मामेबहीण सुट्टीत राहून गेली आणि खारूने झोपेचा धसकाच घेतला. डोळे मिटायला लागले की ती ताडकन उठून बसायची. आईला वाटलं, ऑपरेशन जवळ आलं म्हणून असेल. बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. एका संध्याकाळी हातांचं ग्रीस धुऊन त्याने लेकीला जवळ घेतलं, तर तिने त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"आई गं! काय गं हे?"

"दुखलं?"

"मग? गुदगुल्या होणार का?"

"स्वप्नातसुद्धा तुम्ही असंच म्हणाला असता," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून बापाचं हसू जागच्या जागी विरलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मोकोचं जपानी कार्टून बाप लहान होता तेव्हापासून चालू होतं. एक मुलगा जुनी छत्री उघडतो, छत्रीतून मोको नावाचं पाणमांजर उतरतं आणि दोघं मिळून गावभर गोंधळ घालतात. खारूचा जीव होता त्याच्यावर. मामेबहिणीने तिला सांगितलं होतं, की खरा शेवट टीव्हीवर दाखवतच नाहीत. तो मुलगा म्हणे पहिल्याच भागात गाडीखाली येतो आणि दवाखान्यात बेशुद्ध पडून राहतो. मोको, शाळा, छत्री, सगळं त्याच्या स्वप्नातलं. शेवटी तो उठत नाही.

"मी पण दवाखान्यात होते ना, ताप आला होता तेव्हा?" खारू कुजबुजली. "तेव्हापासून झोपलेलीच असेन तर? तुम्ही आणि आई माझ्या स्वप्नातले असाल तर? भूल दिली की तुम्ही पण जाल."

"वेडाबाई, मी हा काय समोर बसलोय!"

"मग मला माहीत नाही असं काहीतरी सांगा. स्वप्नातल्या बाबांना माझ्याएवढंच माहीत असणार."

बाप चाचपडला. "लिफ्ट वर जाते ना, तेव्हा मागून लोखंडाचं वजन खाली येतं..."

"हे तुम्ही आधीच सांगितलंय," ती म्हणाली आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत, त्याने जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढला. तो शेवट लगेच सापडला. चित्रं हाताने काढलेली होती, आवाज अजिबात नव्हता. पलंगावर मुलगा, नाकात नळी. कोपऱ्यात मिटलेली छत्री. शेजारी स्टुलावर बाप बसलेला. त्याला चेहराच काढला नव्हता, नुसती वाकलेली पाठ. ती पाठ खारूच्या बापाला स्वतःची वाटली. पंधरवडाभर बायकोपुढे उसना आणलेला धीर तिथेच गळून पडला आणि जेवणानंतर हातातला पाना दोनदा निसटला, तेव्हा कामावरचा जोडीदार म्हणाला, "आज तू खालीच थांब रे बाबा, वर मी बघतो."

खाली पायरीवर बसून तो वाचत राहिला. हा शेवट कोणा चाहत्याने काढलेला होता. पण वाचता वाचता बाकीचेही निघाले. पहिल्या मालिकेला शेवटच नव्हता, कंपनी बुडाली आणि मुलगा छत्री उघडत असतानाच ती बंद पडली. मूळ गोष्ट मुलांच्या मासिकांत यायची, प्रत्येक इयत्तेचं मासिक वेगळं. एका इयत्तेत मोको निरोप घेऊन कायमचा जातो, दुसऱ्या इयत्तेत पुढच्याच महिन्यात तो हजर, जणू काही घडलंच नाही. एका सिनेमात मुलगा म्हातारा होतो आणि छत्री नातीला देतो.

घरी बायको बॅग भरत होती. "अहो, उद्या दाखल करायचंय. काहीतरी थाप मारा, पण तिला शांत करा."

"थाप तिला लगेच कळते गं," तो म्हणाला.

त्याने खारूला सगळं सांगितलं, चाहत्याच्या शेवटासकट. ती टक लावून ऐकत होती.

"एवढे सगळे? मला तर एकच माहीत होता."

"हो ना. मग हे बाकीचे तुझ्या स्वप्नात कुठून येणार?"

तिने बोटांवर सगळे शेवट मोजले. "पण यातला खरा कुठला?"

"मला नाही माहीत, बाळा."

ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. त्याला मात्र आता तिच्या झोपेचीच भीती वाटू लागली. श्वास चालू आहे ना, म्हणून तो पुन्हा पुन्हा नाकापुढे बोट धरत होता.

ऑपरेशनच्या सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "खारूताई, आता गाढ झोपायचं हं."

"उठवणार कोण?" खारूने विचारलं.

"मीच. माझं ते कामच आहे."

दार बंद झालं. ऑपरेशन नीट पार पडल्याचा निरोप दुपारी आला, पण पोरगी शुद्धीवर येईना. "कोणाकोणाला वेळ लागतो," नर्स म्हणाली. बाप स्टुलावर बसला. तिच्या नाकात नळी होती. आपण पुढे वाकलोय हे लक्षात आलं, तसा तो दचकून ताठ झाला, मग उभाच राहिला. बायको म्हणाली, "बसा हो," तरी तो बसेना. तिला कारण सांगायची त्याची छाती नव्हती.

संध्याकाळच्या सुमारास खारूने डोळे उघडले. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्याचं काही दिसेना.

"खारू? मी बाबा."

तिचे ओठ हलले. "पाणी."

"इतक्यात नाही द्यायचं," नर्स म्हणाली.

"बाबा, तिला सांगा ना!" खारूने भोकाड पसरलं. आई रडता रडता हसू लागली आणि बाप एकदाचा स्टुलावर बसला.

खारू बरी झाली. आता ती पुन्हा मोको बघते, मोठमोठ्याने हसते. छत्री उघडायची वेळ आली की बापाला त्या चित्रातली मिटलेली छत्री आठवते, मग तो काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जातो आणि तिचं हसू ऐकू येईपर्यंत तिथेच थांबतो.