साध्य न झाल्यास केलेली कृती

मी एक जुना फनेल आहे. घरी रॉकेल किंवा तेल ओतायला जे नरसाळं वापरतात, तसाच, फक्त मोठा. अंग प्लास्टिकचं, टोकाला पितळेची नळी, डोक्यावर अर्धी जाळी. मित्रांनो, जुना म्हणालो म्हणून लगेच कीव करू नका. मला कीव नको आहे. मला पाणी हवं आहे, आणि खरा आकडा.

माझी गोष्ट मी जन्मापासून सांगणार नाही. नागपूरच्या आमच्या कॉलेजात, पेट्रोलियम इंजिनीअरिंगच्या विभागात, मुलांना किती आलं याचा दरवर्षी एक तक्ता भरतात. त्या तक्त्याला रकाने आहेत. अकरा वर्षं त्या रकान्यांत माझ्याविषयी लोकांनी हवं ते लिहिलं. आज तेच रकाने मी भरतो.

उद्दिष्ट: विद्यार्थ्याला ड्रिलिंग मडचे गुणधर्म मोजता येतील.

मड म्हणजे माती आणि पाणी कालवून केलेला पातळ चिखल. तेलाची विहीर खणताना तो पाइपातून खाली सोडतात. खडकाचा भुगा घेऊन तो वर येतो. चिखल फार पातळ झाला तर भुगा खालीच बसतो आणि पाइप अडकतो. म्हणून विहिरीवर दर थोड्या वेळाने तो माझ्यात ओततात. खालच्या नळीवर बोट धरायचं, जाळीपर्यंत भरायचं, बोट काढायचं आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करायचं. खालचं भांडं खुणेपर्यंत भरायला किती सेकंद लागले, तो माझा आकडा. साध्या पाण्याला सव्वीस सेकंद. माझ्या नळीचं भोक पावणेपाच मिलिमीटरचं आहे. कारखान्यात ते पाडणाऱ्याने तीनदा तपासलं होतं, कारण भोक चुकलं तर मी नरसाळंच, मोजमाप नव्हे.

लोक हसतात. नागपुरात कुठलं आलं तेल? संत्र्याच्या सालीतलं सोडलं तर इथे थेंब नाही. नसू द्या. पोहणं शिकायला समुद्र लागत नाही. हौद लागतो, आणि हौदात पाणी लागतं.

पहिल्या दोन तुकड्यांनी मला खूप वापरलं. प्रयोगशाळेचे सहायक चंद्रभान बादलीत माती कालवायचे, मुलं कोपरापर्यंत माखायची, कोणाच्या शर्टावर डाग पडला की सगळे ओरडायचे. दुसऱ्या तुकडीत पियुष नावाचा मुलगा होता. अक्षर मोत्यासारखं. त्याने एका दुपारी मला भरलं, सत्तेचाळीस सेकंद मोजले आणि नोंदवहीत लिहिले. तो आकडा खरा होता. त्या दुपारचा, त्या बादलीचा खरा.

पियुष पास होऊन गेला. त्याची नोंदवही मात्र गेली नाही.

लक्ष्य: साठ टक्के विद्यार्थी.

साध्य: चौऱ्याऐंशी टक्के. एक्क्याऐंशी टक्के. अठ्ठ्याऐंशी टक्के. सत्त्याऐंशी टक्के.

हे माझ्यावरून काढलेले आकडे आहेत, मित्रांनो, आणि त्या सगळ्या वर्षांत मी कपाटात होतो. कुलूप होतं. शेवटचा चिखल कोणी धुतला नाही, तो नळीत वाळला आणि दगड झाला. माझ्यातून थेंबही जात नव्हता. तरी नोंदवह्या येत होत्या, पियुषच्या वहीवरून उतरवलेल्या, एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी.

"काय लिहू बे?"

"सत्तेचाळीस लिही ना. सगळे तेच लिहून राहिले."

"मोजायचं नाही का?"

"तू मोज मग. कपाटाची चावी आण आधी!"

वह्या तपासल्या जायच्या, खाली लाल सही व्हायची, आणि ज्याला सही, तो तक्त्यात 'साध्य'.

साध्य न झाल्यास केलेली कृती:

 

हा रकाना असा दिसायचा. अकरा वर्षं. सगळं साध्यच होत होतं, मग कृती कशाची?

मग बाराव्या वर्षी, जुलैत, गोपिका मेश्राम मॅडम शिकवायला आल्या. वर्षाच्या करारावर लागलेल्या. ऑगस्टमध्ये त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि मला नळाखाली धरलं. मी भरलो. भरलेलाच राहिलो. त्यांनी नळीखाली तळहात धरला. कोरडा. मग टेबलावरच्या नोंदवह्यांकडे पाहिलं. आदल्याच आठवड्यात तपासलेल्या एकोणतीस वह्या, एकोणतीस वेळा सत्तेचाळीस.

त्या रागावल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चंद्रभानजी, एखादी तार द्या बरं."

"तार नोका घालू जी मॅडम!" चंद्रभान धावत आले. "भोक मोठं झालं का ह्याचा धरम गेला. भिजू द्या त्याले."

तीन दिवस मी कोमट पाण्यात पडून होतो. चंद्रभानांनी जरीपटक्याच्या बाजारातून बाटल्या धुवायचा बारीक ब्रश आणला आणि लहान मुलाचा कान साफ करावा तसं मला साफ केलं. चौथ्या दिवशी पाणी ओतलं. सव्वीस सेकंद. अकरा वर्षांनंतरही सव्वीस. मी बिघडलो नव्हतो, मला बंद केलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

फेब्रुवारीत मॅडमनी परीक्षा घेतली. वही नाही, हात. प्रत्येकाने मला एकट्याने भरायचं. त्यांनी मुद्दाम दाट चिखल कालवला होता, एकसष्ट सेकंदांचा. एकाने जाळीच्या वरपर्यंत भरलं. एकाने नळीवर बोटच ठेवलं नाही आणि स्वतःच्या बुटात अर्धा चिखल घेतला. नरखेडकडच्या एका गावातून आलेली प्रीती मात्र नीट करत होती. घड्याळात एकसष्ट आले. तिने पाहिले. आणि लिहिलं, सत्तेचाळीस.

"घड्याळ पाहिलंस ना?" मॅडमनी विचारलं.

"हौ मॅडम."

"किती होते?"

"एकसष्ट."

"मग?"

"मले वाटलं, घड्याळ चुकून राहिलं."

कोणी हसलं नाही. मला तर हसता येतच नाही.

एकोणतिसातले अकरा जण बरोबर निघाले. अडतीस टक्के. मॅडमनी तक्त्यात अडतीस लिहिले आणि तो कोरा रकाना पहिल्यांदा भरला: *नोंदवही बंद. दर शनिवारी प्रत्येकाने स्वतः मोजणे. मार्चमध्ये पुन्हा चाचणी.*

शनिवार सुरू झाले. प्रयोगशाळेत पुन्हा ओल्या मातीचा वास. "सरक गा, माझा नंबर आहे!" अशी भांडणं. मी दिवसातून तीस-तीस वेळा भरलो. मार्चमध्ये नवी बादली, नवा चिखल, पुन्हा चाचणी. सोळा जण.

पंचावन्न टक्के.

एप्रिलमध्ये मान्यता देणारी समिती येणार होती. विभागप्रमुख मार्तंड सर तक्ता घेऊन प्रयोगशाळेत आले. सर वाईट माणूस नव्हेत. शिकवायला येण्याआधी नऊ वर्षं त्यांनी तेलविहिरींवर काढली होती. पण विभागात प्रवेश कमी होत चालले होते, आणि मान्यता गेली तर वर्ग बंद, हे त्यांना झोपेतही पाठ होतं.

"मॅडम, पंचावन्न काहून?"

"सोळाच जणांना आलं सर."

"अठरा लागतात साठ टक्क्यांले. दोन पोरं. फक्त दोन."

"हो."

"प्रीतीचं रीडिंग तीन सेकंदांनी चुकलं. तीन! द्या ना तिले. आणि तो अंकुश, तोही थोडक्यातच चुकला. झालं, अठरा."

"तिला अजून येत नाही सर."

"मॅडम, जूनमध्ये तुमच्या कराराच्या कागदावर माझीच सही लागते. धमकी नाही देऊन राहिलो. आठवण करून देतो."

मॅडमनी मला टेबलावर सरळ ठेवलं. मग विचारलं, "विहिरीवर रीडिंग कमी आलं असतं, तर तुम्ही दोन वाढवून लिहिलं असतं का?"

"तिथं खाली विहीर राहते मॅडम. इथं खाली काय आहे? फरशी!"

"इथून पोरं विहिरीवरच जाणार सर."

सर तक्ता तसाच ठेवून गेले. सही न करता.

दोन दिवस तो कागद माझ्या शेजारी पडून होता. पंख्याने उडू नये म्हणून चंद्रभानांनी त्यावर मलाच ठेवलं. तुम्ही म्हणाल, निर्जीव वस्तू कागदावर बसून काय करणार? मी बसलो होतो, मित्रांनो. हटलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर एकटेच आले. बाही वर केली. बादलीतला चिखल ढवळला, मला उचललं आणि नळीवर बोट धरलं. ते बोट मी ओळखलं. म्हणजे सरांचं म्हणून नव्हे. नेमकं कुठे आणि किती दाबायचं हे माहीत असलेलं बोट. भरलं. सोडलं. ओठांतल्या ओठांत मोजत राहिले. घड्याळात अठ्ठावन्न, ओठांवरही अठ्ठावन्न.

तेवढ्यात दारातून प्रीती डोकावली. शनिवार नव्हता, तरी ती सरावाला आली होती.

"ये वं," सर म्हणाले. "कर पाहू. माझे आले अठ्ठावन्न."

तिने भरलं. बोट काढलं. मग घड्याळाचं बटण शोधलं. पंचावन्न.

"पुन्हा."

छप्पन्न.

"अगं, बोट आणि घड्याळ सोबत! आधी बोट, मग घड्याळ नाही. सोबत. पाय आपटून पाहा. धप्प, सुरू."

तिने पाय आपटला. घड्याळ सुरू झालं, पण बोट काढायचं राहून गेलं. चिखल जागच्या जागी. सर मोठ्याने हसले. कित्येक दिवसांत हसले नव्हते.

"नाही येत वं तुले!"

"आत्ता नाही येत सर," प्रीती म्हणाली. "येईल."

सरांनी रुमालाने हात पुसले. नीट पुसलेही नाहीत. मला बाजूला केलं आणि पंचावन्नच्या खाली सही केली. कागदावर मातीचा अंगठा उमटला. नवा कागद मागवला नाही.

समितीत बाहेरगावचे तिघे होते. त्यांनी जुने तक्ते भराभर उलटले आणि या एका पानावर थांबले.

"लक्ष्य साठ, साध्य पंचावन्न. का?" एकाने विचारलं.

गोपिका मॅडम उभ्या राहू लागल्या. मार्तंड सरांनी हाताने बसवलं आणि स्वतः उठले.

"कारण तेरा जणांना अजून मोजता येत नाही," ते म्हणाले. "शिकवून राहिलो आहोत."

"आणि आधीची चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी?"

"ती मोजलेली नव्हती. त्यांवरही माझीच सही आहे."

विचारणाऱ्याने ते पान वेगळं काढून ठेवलं.

मान्यता मिळाली, पण कमी मुदतीची. वर शेरा: पुढच्या वेळी पुन्हा दाखवा. जूनमध्ये त्यांनी मॅडमच्या कराराच्या कागदावर सही केली, आणि ती करायलाही ते प्रयोगशाळेतच आले.

शेरा:

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असा एखादा फनेल असेल. तराजू असेल, थर्मामीटर असेल, कपाटात कुलपाआड. त्याला बाहेर काढा. वापरून झाल्यावर लगेच धुवा, वाळेपर्यंत थांबू नका. कोंदला तर भिजवा. तार घालू नका. आणि जे तुम्ही मोजलं नाही, ते आमच्या नावावर लिहू नका. आम्ही बोलत नाही म्हणून आमची संमती आहे असं समजू नका.

येत नसेल तर येत नाही असं लिहा. त्यात लाज नाही. लिहून झालं की माझ्याकडे या. मी दीड लिटरचा आहे. कितीही वेळा भरा.