नमुन्याचं घर

गंगुबाईंनी दारातच गाठोडं सोडलं. आतून नवी केरसुणी निघाली, मिठाची पुडी निघाली, हळदीकुंकवाची डबी, एक पातेलं, आणि सगळ्यात शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळलेली दुधाची पिशवी. कालिंदीबाई एकेक वस्तू मोजत होत्या. घर बघायला येणारी बाई केरसुणी घेऊन येत नाही. राहायला येणारी आणते.

परळच्या एका शाळेच्या मैदानात ते घर आठवडाभर उभं होतं. दोन खोल्या, हलक्या फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आणि रे रोडच्या वखारीतून निवडून आणलेल्या लाकडाची चौकट. भूकंपात पडलेल्या गावांना अशी घरं पाठवायची होती, त्यातला हा नमुना. देणगीदार मंडळी पाहून गेली होती. आता संध्याकाळी तो उकलायचा, ट्रकमध्ये चढवायचा आणि दुसऱ्याच तालुक्यातल्या कुणालातरी द्यायचा. गंगुबाईंच्या गावाची पाळी अजून लागायची होती.

गंगुबाईंच्या सुनेच्या भूकंपात मोडलेल्या पायावर इथल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली होती. कालिंदीबाई दादरहून तिथे डबे घेऊन जायच्या, तिथलीच ही ओळख. माझा मुलगा घरं बांधतोय, एकदा बघायला चला, काही कमी असेल तर सांगा, असं त्या बोलून गेल्या होत्या. त्या बोलण्याचा असा अर्थ होईल हे त्यांच्या मनातही नव्हतं.

अनिशने त्यांना बाजूला घेतलं.

"आई, तू यांना नक्की काय सांगितलंस?"

"बघायला चला म्हटलं. एवढंच."

"मग हे काय? इथे गृहप्रवेश चाललाय! ट्रक निघालाय माझा."

"हळू बोल."

"मी काही बोलत नाही. तू आणलंस, तूच सांग."

सांगायचंच, असं ठरवून कालिंदीबाई आत गेल्या. गंगुबाईंनी दोन्ही खोल्या झाडून काढल्या होत्या. कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवून त्या कमरेला हात लावून उठत होत्या. तोंडावर कित्येक दिवसांनी जरा उजेड होता.

"बाई, तीन इटा मिळतील का वो? आन चार ढलप्या?"

कालिंदीबाई सांगायला गेल्या होत्या, त्या विटा आणायला बाहेर आल्या.

"विटा?" अनिशने कपाळाला हात लावला. "आई, भिंती फळ्यांच्या आहेत!"

"चूल मधोमध मांडते. पाण्याची बादली तेवढी दे, आणि गप्प बस."

चूल पेटली. दोघी समोरासमोर बसल्या. दूध तापायला वेळ लागतोच, आणि तेवढ्या वेळात माणूस कुठल्या कुठे जाऊन येतं. गिरगावातल्या दोन खोल्यांत कालिंदीबाई नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूबाईंनी वातीच्या स्टोव्हवर असंच दूध उतू घातलं होतं. ती इमारत गेली. अनिशच्या दादरच्या फ्लॅटमध्येही त्यांनी हट्टाने पातेलं ठेवलं, तर दुधाचा ओघळ लागताच ती विजेची शेगडी टीं टीं ओरडून बंदच पडली. अनिशचे वडील, अप्पा, केवढे हसले होते! "या घराला दूध पचत नाही गं," म्हणाले. त्यानंतर वर्षभरही राहिले नाहीत.

"आलं, आलं," गंगुबाई पुटपुटल्या.

साय फुगली, काठावर क्षणभर थबकली आणि भसकन खाली आली. विटा चुरचुरल्या. करपल्या दुधाचा वास दोन्ही खोल्यांत भरला. गंगुबाईंनी हात जोडले, मग उठून चौकटीला हळदीची बोटं ओढली. कुंकू मात्र कालिंदीबाईंनी लावावं म्हणून त्यांनी डबी पुढे केली, आणि त्यांचं मोकळं कपाळ पाहून स्वतःशीच हसल्या.

"दोघीबी सारख्याच. ऱ्हाऊ दे, मीच लावते. आता कोन इचारतंय."

आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता.

"गंगुबाई, हे घर..." कालिंदीबाईंनी सुरुवात केली. "हे तुमच्या गावाला..."

"न्हाई जायाचं. ठाऊक हाय की. त्या पाने-पकडवाल्या पोरानं आल्या आल्या सांगितलं, मावशी लौकर बघून घ्या, आता उकलायचंय."

"मग हे सगळं?"

गंगुबाईंनी चुलीतली ढलपी मागे ओढली.

"जिला जाईल ती बाई तंबूतून उठून येनार. कुठलं दूध घालंल उतू? गोठे बसले, जनावरं समदी खालीच गेली. आन दुधाबिगर पाऊल टाकलं, तर जन्मभर मनाला लागून ऱ्हातं माय." त्यांनी ढलपीवर पाणी शिंपडलं. "माझ्या घराचं कोनीतरी करंलच की."

कालिंदीबाईंनी पदराने एक वीट पुसली.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. तीन-चार फिटर पाने घेऊन दारात आले आणि चूल पाहून तिथेच थबकले. त्यांच्या मागे अनिश. त्याने एकदा घड्याळाकडे, एकदा आईकडे पाहिलं.

"निवू द्या रं जरा," गंगुबाई म्हणाल्या. त्यांनी पातेलं पदराने धरून उचललं. तळाशी बोट-दोन बोटं दूध उरलं होतं. "आन हे सांडू नगा. घरच्यांनी प्यायाचं असतंय."

फिटर एकमेकांकडे बघू लागले. घरचं कोण, हे कुणालाच ठरवता येईना. मग अनिशने बूट दाराबाहेर काढले आणि तो भिंतीला टेकून मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी, पाने जमिनीवर ठेवून, एकेक जण.

कालिंदीबाई सरकून बसल्या. जागा कमी पडत होती.