बादलीतला बहर

"पप्पा, माझी बादली कुठंय?" गच्चीवरून नम्रता ओरडली.

"घासून ठेवली की. बघ कशी लखलखतीय."

ती खाली आली आणि पायरीवरच बसली. मला वाटलं, रडतीय. जन्मभर येरवड्यातल्या टाक्या धुतल्या मी. हिरवं दिसलं की हात आपोआप ब्रशकडं जातो. मला काय माहीत, पोरगी शेवाळ मुद्दाम पाळतीय! पण ती हसत होती. पोट धरून. तिची आई गेल्यापासून घरात असलं हसणं झालं नव्हतं.

"ब्लीचिंग पण टाकलं?"

"चिमूटभर."

"झालं. सगळ्यांना मोक्ष."

मग भाजी निवडता निवडता तिनं सांगितलं. समुद्रात डोळ्याला न दिसणारं बारीक शेवाळ असतं. वारा पाणी घुसळतो, तेव्हा खालचं खत वर येतं. पण घुसळण फार खोल गेली, तर शेवाळही खाली अंधारात ओढलं जातं. वारा पडला की ते वर उजेडात टिकतं, आणि समुद्राला बहर येतो.

"बहर आंब्याला येतो," मी म्हणालो. "टाकीत होते ती घाण."

"तीच घाण बघायला संशोधनाच्या जहाजावर जाणार होते."

"होते म्हणजे?"

"नाही म्हणून कळवतीय. दीड महिना तुम्ही इथं एकटे काय करणार?" तिनं मान वर केली नाही.

अंधारात ओढलं जातं म्हणाली ना, ते मला आता नुसतं शेवाळाचं वाटेना.

उठलो. बादली भरून गच्चीवर उन्हात ठेवली.

"हे पाळायचं कसं, सांग. दीड महिना मला काम झालं. तू घरात नसलीस तरी चालतंय."

"पप्पा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"तुझी आई पण हेच म्हणायची. तरी माहेरी जायचीच."

शेवाळासाठी आणलेलं तळ्यातलं पाणी बाटलीत थोडं उरलं होतं, ते तिनं बादलीत ओतलं. आणि जहाजावर गेली.

रोज सकाळी काठीनं हळूच ढवळतो. शेजारचा सुदर्शन खवचट. म्हणतो, "जयसिंगराव, लोकांच्या टाक्या धुता आणि घरची बादली नासवता?"

"हात लावू नको. पाळलीय."

काल पाण्यावर हिरवी झाक आली. हात ब्रशकडं गेलाच. तसाच मागं घेतला. मग बघितलं, बादलीवर माझीच सावली पडलीय. जरा बाजूला सरकून बसलो.