सात तास झोप

धाकटीचं वय एकेचाळीस, पण घरात ती अजून धाकटीच. तिच्याहून मोठा म्हणून एकच माणूस उरला होता, दादा, आणि तो बस डेपोत टाइमकीपर. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा सुटली हे लिहिण्यात त्याची तीस वर्षं गेलेली. त्यामुळे बहिणीच्या झोपेचा तक्ता त्याच्या हातात आला तेव्हा त्याला काही शिकवावं लागलं नाही. 'निजली दहा पस्तीस. उठली पाच पन्नास. एकूण सात तास पंधरा मिनिटं.' शेजारी मनाचा आकडा. शून्य म्हणजे ठीक, वर गेला तर उधाण, खाली गेला तर अंथरूण सुटायचं नाही.

'बायपोलर' हा शब्द घरात येऊन अठरा वर्षं झाली होती. पाहुणा म्हणून आला आणि मुक्कामच ठोकला. धाकटी मोठ्याने हसली की दादा विचारायचा, "चढतंय का गं?" आणि गप्प बसली की, "उतरतंय का?" माणसाला नुसता कंटाळाही येऊ शकतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिला मात्र तोच आला होता. आजाराचा आला होता, गोळ्यांचा आला होता, पण सगळ्यात जास्त आला होता तो आपण बऱ्या आहोत हे रोज उठून दाखवून देण्याचा.

ती चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवायची. गोळ्यांनी हात जरासे थरथरत. मग दोन्ही कोपरं टेबलाला टेकवायची, श्वास धरायचा आणि तीळभर स्क्रू फिरवायचा. मालक एकदा म्हणाले होते, "तुमचा हात हलतो, काम नाही हलत." त्या एका वाक्यावर तिने दोन वर्षं काढली.

दर मंगळवारी थेरपी असे. जी आठवण धाडकन अंगावर येते ती शांत खोलीत बसून थोडी थोडी सांगायची. थेरपी घेणाऱ्या बाई मधून मधून समोर बोटं डावी-उजवीकडे हलवत, आणि धाकटीने नजरेने त्यांच्या मागे जायचं. ऐकायला पोरखेळ, पण तासाभरात अंगातलं त्राण जाई. बाईंची अट एकच होती. झोप सहा तासांच्या खाली गेली की काम थांबणार, कारण धाकटीच्या बाबतीत उडालेली झोप म्हणजे धोक्याची घंटा.

दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा आठवण दवाखान्याच्या खाटेपर्यंत आली, झोप उडाली, दादाने इमानेइतबारे 'चार तास दहा मिनिटं' लिहिलं आणि काम बंद. आठवण मात्र अर्धी उघडी राहिली. पुढे महिनाभर तिला बाथरूमच्या दाराची कडी लावायचीसुद्धा भीती वाटली. आता तिसऱ्यांदा थांबलं तर आपण पुन्हा सुरू करणार नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तेवढं बळच उरलं नव्हतं.

आठवण आठ वर्षांपूर्वीची. आजार टिपेला गेला होता आणि दवाखान्यात चार माणसांनी तिला धरून खाटेला बांधलं. तिघांचं तिने बाईंना सगळं सांगितलं होतं, अगदी एकाच्या खिशातल्या निळ्या पेनासकट. चौथ्याने पाय धरले होते. त्याला ती 'कुणीतरी' म्हणायची.

चौथा दादा होता. आणि दादा दर मंगळवारी बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा, मध्ये फक्त प्लायवूडची भिंत. स्वतःचं लग्न राहू देऊन ज्याने अठरा वर्षं हिची औषधं सांभाळली, त्याच्याकडे बोट कसं दाखवायचं? उद्या तो म्हणाला, बघ बाई तुझं तू, तर जायचं कुठे?

म्हणून ती त्या पायांपाशी आली की वळसा घालायची. आणि काम थांबू नये म्हणून मंगळवारी रात्री झोपेचं सोंग घ्यायची. भिंतीकडे तोंड, श्वास एका लयीत. दादा दारापर्यंत येऊन जाई. सकाळी तक्त्यात सात तास. आपण टाइमकीपरला फसवलं, याचं तिला हसूही यायचं आणि रडूही.

त्या मंगळवारी बाईंनी तक्ता टेबलावर पसरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी दार उघडून दादाला आत बोलावलं.

"बाकी दिवशी सहा पन्नास, सात वीस," बाई म्हणाल्या. "मंगळवारीच तेवढे बरोबर सात. सहाही मंगळवार. दादा, तुमच्या हातून असा सरळ आकडा येत नाही."

धाकटीने तक्त्यातले ते सात पाहिले. सोंग खपलं असतं तर त्याने सहा पंचावन्न लिहिलं असतं, सात दहा लिहिलं असतं. सात कधीच लिहिलं नसतं.

"पाहिलं नाही मी," दादा म्हणाला. "दारापर्यंत जायचो आणि मागे फिरायचो. जागी आहे ते कळायचंच. झोपल्यावर घोरते ती."

"मी नाही घोरत," धाकटी म्हणाली.

"खरं का नाही लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"खरं लिहिलं की तुम्ही थांबवता. मग तिचं सांगायचं राहतं."

"काय राहतं?"

"ते मला काय ठाऊक?" तो म्हणाला, आणि फरशीकडे पाहत राहिला. त्याला ठाऊक होतं. आठ वर्षं ठाऊक होतं.

बाई रागावल्या नाहीत, पण बधल्याही नाहीत. "दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलंत. इतकी जाग्रणं झाली असताना मी पुढे जाणार नाही. आज डॉक्टरांशी बोलते. तीन आठवडे फक्त झोप सावरायची, मग पाहू."

तिसऱ्यांदा. धाकटीने पर्स उचलली, मांडीवर ठेवली. उठायचंच बाकी होतं. तिला इतकं थकायला झालं होतं की भीतीसुद्धा पुरती वाटेना.

"चौथा माणूस दादा होता," ती म्हणाली. "पाय दादाने धरले होते."

ती वाट पाहत होती त्या वाक्याची, जे दादा आठ वर्षं नातेवाइकांना ऐकवत आला होता: धरलं नसतं तर हिने गच्चीवरून उडी टाकली असती. ते खरंच होतं, म्हणून तर त्याच्यापुढे तिचं काही चालत नसे.

दादाने ते म्हटलं नाही. बाईंनी त्याला विचारलं, बाहेर थांबता का. त्याने नकारार्थी मान हलवली. धाकटीच्या लक्षात आलं, काम आज थांबणारच होतं, पण आता अर्ध्यावर थांबणार नव्हतं. तीन आठवड्यांनी ती परत येऊ शकत होती.

"घट्ट धरले होते का गं?" दादाने विचारलं.

"खूप. आठवडाभर वळ होते."

त्याने आपले दोन्ही हात मांडीखाली सारले.

"मला वाटायचं, हळू धरलेत," तो म्हणाला. "तेवढ्यावर तर मी झोपत होतो."